इथेच घोडं पेंड खातं

जानेवारीतली सकाळ. मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटक यायला अजून तासभर अवकाश होता. शेजारचा मुलगा घोडीचा पुढचा उजवा पाय गुडघ्यात दाबून धरून उभा होता आणि नालबंदाने मागच्या खेपेला मारलेले खिळे जिथून निघाले होते तिथे बोट फिरवत होता. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा नाल निघाली होती. खिळ्यांच्या जागी खुराचे तुकडे पडलेले, कड पापडासारखी. बाजूला वाळूत एक नवाकोरा डबा होता. वर उड्या मारणाऱ्या घोड्याचं चित्र, आत बायोटिनची पूड.

"काकानू, हो डबो घातलो तर नाल टिकात?"

"टिकात," मी म्हटलं, "पण पुढच्या वर्षाक."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. मी थट्टा करत नव्हतो. घोड्याचा खूर वरच्या कडेला, जिथे पायाचे केस संपतात तिथे तयार होतो आणि आपल्या नखासारखा खाली सरकत येतो. महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर. पुढच्या टोकाशी केसांच्या रेषेपासून जमिनीपर्यंत पोचायला त्याला ९ ते १२ महिने लागतात. टाचेकडे उंची कमी, म्हणून तिथे निम्म्या काळात काम होतं. आज तोबऱ्यात टाकलेली वस्तू खिळा मारायच्या जागी पोचायला जवळजवळ वर्ष जाणार. एकदा तयार झालेला खूर मृत असतो. त्याला वरून तेल लावा, तूप लावा, तो आतून दुरुस्त होत नाही.

म्हणूनच खूर वाचता येतो. घोडीच्या खुरावर केसांच्या रेषेखाली तीन सेंटिमीटरवर एक आडवी खाच होती, बोटाला लागेल इतकी. महिन्याला आठ मिलिमीटर धरले तर पावणेचार महिने मागे जायचं, म्हणजे सप्टेंबरचा मध्य. "गणपतीच्या सुमारास काय झालेलं?" मी विचारलं. तो थोडा वरमला. पावसाळ्यात धंदा बंद, घोडी गोठ्यात. साठवलेलं गवत तेव्हा संपलं होतं आणि पंधरा-वीस दिवस शेजाऱ्यांकडून आणलेल्या भाताच्या पेंढ्यावर आणि गिरणीतल्या कोंड्यावर तिला काढावे लागले होते. घोडी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतली, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जात मे महिन्यात याच्या दारात आलेली. खुराचा अगदी तळचा बोटभर भाग तेवढा खानदेशच्या चाऱ्यावर वाढलेला. त्याच्या वरचं सगळं कोकणचं, आणि खिळे मारायची जागा तर ऐन पावसाळ्यातली.

त्याचा पुढचा प्रश्न अगदी रास्त होता. "मगे आमचे बैल काय खाऊन जगले?"

बैल पेंढ्यावर जगतो कारण तो रवंथ करतो. त्याच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात अब्जावधी जंतू असतात. ते पेंढ्यावर पोसले जातात आणि पुढच्या कप्प्यात गेल्यावर बैल त्या जंतूंनाच पचवतो. निकस वैरणीतून त्याला बऱ्यापैकी प्रथिन मिळतं ते असं. घोड्याचा हा कारखाना शरीराच्या मागच्या टोकाला, मोठ्या आतड्यात. तिथे जंतूंनी केलेली ऊर्जा त्याला मिळते, पण जंतूंच्या अंगातलं प्रथिन बरंचसं लिदीबरोबर बाहेर पडतं. घोड्याला प्रथिन खाण्यातूनच हवं. आणि खूर म्हणजे, पाणी वजा केलं तर, जवळजवळ सगळं प्रथिनच. केराटिन नावाचं, आपल्या केसांत आणि नखांत असतं तेच.

केराटिनला कठीणपणा येतो गंधकामुळे. मेथिओनिन आणि सिस्टिन ही गंधक असलेली दोन अमिनो आम्लं; शेजारशेजारच्या धाग्यांतले गंधक एकमेकांना पकडतात तेव्हा केराटिन चिवट होतं. ही पकड बसवणाऱ्या विकराला तांबं लागतं. केराटिन बनवणाऱ्या पेशींना जस्त लागतं. पेशी एकमेकींना चिकटून राहाव्यात म्हणून मधे स्निग्ध पदार्थांचं लिंपण असतं, ते तयार व्हायला बायोटिन लागतं. आणि या बांधकामात कॅल्शियमचाही हात असतो. गवंडी आहे पण विटा नाहीत, अशी स्थिती असताना सिमेंटची गोणी आणून काय होणार? डब्यातलं बायोटिन म्हणजे ती गोणी.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या बटलर आणि हिंट्झ यांचा तट्टांवरचा एक साधा प्रयोग १९७७ साली प्रसिद्ध झाला. काहींना पोटभर खायला दिलं, काहींना मोजून. पोटभर खाणाऱ्यांचे खूर दीडपट वेगाने वाढले. त्याच प्रयोगात त्यांनी जिलेटिनही खाऊ घालून पाहिलं, कारण खुरासाठी जिलेटिन उत्तम असा समज होता. त्याचा काही उपयोग झाला नाही. जिलेटिनमध्ये गंधकाची अमिनो आम्लं नावालाच असतात. तरीही खुराच्या पुड्यांवर ते अजून छापलेलं दिसतं.

पोटभर म्हणजे किती, याला आधी वजन हवं. काट्यावर घोडा कोण चढवणार? शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८७७ ने भागायचं. घोडीचा घेर १५५ आला, लांबी १४८. उत्तर तीनशे किलोला एखादा किलो कमी. तिच्या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे रोज सहा किलो कोरडी वैरण. भाताच्या पेंढ्यात प्रथिन जेमतेम चार टक्के. सहा किलो पेंढ्यातून २४० ग्रॅम मिळणार. हलकं काम करणाऱ्या या वजनाच्या घोड्याला हवं ४०० ग्रॅमच्या वर. आमच्या सड्यावरचं गवतही काही वेगळं नाही. पाऊस ओसरल्यावर, बी धरून पिवळं पडल्यावर आपण ते कापतो, उडवी रचतो. दिसायला ढीग, आत काडी. जांभ्याच्या जमिनीवर तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून क्षार धुपून गेलेले, ते वेगळंच.

कोकणात घोड्याच्या वैरणीची चिंता आजची नाही. शिवाजी महाराजांचं १६७० च्या दशकातलं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळ हलवर्णला पावसाळी छावणीला उतरलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. रयतेला त्रास देऊ नका, एवढ्यासाठीच आपण ते आठवतो. पण त्या पत्राचा कणा आहे दाणा आणि वैरण. पावसाळ्यासाठी साठवलेलं आत्ताच मनमानी खर्च केलंत तर ऐन पावसात काही मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील, मग ती तुम्हीच मारली असं होईल, असं महाराज बजावतात. एवढंच नव्हे, दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यांची नजर जाते. घाटावरची घोडी कोकणात उतरली की पावसाळ्याचे चार महिने हाच त्यांचा खरा शत्रू, हे त्या पत्रात स्वच्छ दिसतं. आमच्या घोडीच्या खुरावरची खाच म्हणजे त्याच हिशेबाची चूक.

तेव्हा पहिली खरेदी डब्याची नव्हे, घासाची. घाटावर ज्याला लसूणघास किंवा मेथीघास म्हणतात तो वाळवलेला. त्यात प्रथिन १५ ते २० टक्के, शिवाय कॅल्शियम भरपूर. सहा किलोंतला दोन किलो हा घास आणि चार किलो सड्यावरचं गवत, एवढ्याने प्रथिनाचा आकडा पाचशे ग्रॅमवर जातो. अडचण एकच: कोल्हापूर-सांगलीकडून आणलेला घास समुद्राच्या दमट हवेत बुरसतो. बुरशी आलेली वैरण घोड्याला अजिबात चालत नाही. तो बैलासारखा निभावून नेत नाही. म्हणून जमिनीपासून उंच माळ्यावर आणि मेअखेर आणलेला बेताचा साठा. पंपाच्या पाण्यावर नेपिअर गवत लावलं आहे असं अनेक जण अभिमानाने सांगतात. गाईला ते उत्तम. घोड्याला मात्र रोज तेवढंच घालू नये, कारण अशा उष्ण प्रदेशातल्या गवतांत ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियमला आतड्यातच धरून ठेवतं.

आता चंदी, म्हणजे दाणा. इथे मालवणी माणसाने जरा छाती फुगवायला हरकत नाही. ज्या कुळथाच्या पिठीवर आपण वाढलो त्याचं इंग्रजी नावच 'हॉर्स ग्रॅम'. दख्खन आणि दक्षिणेत घोड्यांची चंदी म्हणून तो शतकानुशतकं शिजवला गेला. मात्र तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेतून गेलेला मार्को पोलो लिहितो की अरबस्तानातून जहाजांनी येणारे घोडे इथे वर्षभरही टिकत नाहीत, कारण लोक त्यांना शिजवलेला भात आणि मांस चारतात, आणि घोड्यांची निगा जाणणारे इथे नाहीत. व्यापारीच तशा माणसांना येऊ देत नाहीत, घोडे मेले तर नवे खपतात, असाही त्याचा आरोप आहे. ऐकीव भाग वगळला तरी चारा चुकला की घोडा चुकतो हे सातशे वर्षांपूर्वीच्या परदेशी माणसाच्याही नजरेत भरलं होतं.

कुळथात प्रथिन सुमारे २२ टक्के, आणि कडधान्यांत कॅल्शियमही चांगलं. भिजवून शिजवायचा, कारण कच्च्या कुळथात पचनाला आडवे येणारे घटक असतात. रोज अर्धा किलो घातला तर ११० ग्रॅम प्रथिन वाढतं. हरभऱ्याचंही असंच. मात्र कडधान्यांत मेथिओनिन कमी, म्हणजे खुराला जे गंधक हवं तेच तोकडं. ही उणीव वेगळी भरून काढावी लागते.

आणि पेंड. इथेच घोडं पेंड खातं, असं आपण काम अडलं की म्हणतो. मालवणात ते शब्दशः खरं करता येईल. घाण्यावर खोबरेल काढल्यावर उरणारी खोबऱ्याची पेंड ऑस्ट्रेलियात घोड्यांचं खाद्य म्हणून नावाजलेली आहे. प्रथिन वीस टक्क्यांच्या आसपास, थोडं तेल, साखर आणि पिष्ट अगदी कमी. ज्या घोड्याचे खूर आधीच बिघडलेत त्याला हे कमी पिष्ट फार मोलाचं, का ते पुढे येतंच. पेंड ताजी हवी, खवट किंवा बुरसलेली नको, आणि पाण्यात भिजवून द्यायची. आपल्या दारची ही वस्तू गाईच्या गव्हाणीत जाते आणि घोड्यासाठी आपण मुंबईहून डबे मागवतो, याचं मला नवल वाटतं.

कोंड्याबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. भाताचा कोंडा स्वस्त, घोडी आवडीने खाते, अंगावर चकाकी येते. पण एक किलो कोंड्यात फॉस्फरस १५ ग्रॅमच्या आसपास आणि कॅल्शियम जेमतेम एक. रक्तातलं कॅल्शियम राखण्यासाठी शरीर मग हाडांतून ते काढायला लागतं. अतिरेक झाला तर जबड्याची हाडं फुगून डोकं मोठं दिसतं. युरोपात पीठगिरणीवाल्यांचे घोडे कोंड्यावर पोसले जायचे, त्यांना हा रोग व्हायचा, म्हणून त्याला गिरणीवाल्याचा रोग म्हणत. खुराशीही त्याचं नातं आहे. एडिंबरोच्या सुसान केम्प्सन यांनी १९८७ मध्ये ठिसूळ खुरांचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा दोन वेगळे दोष दिसले. एकावर बायोटिन चाललं. दुसऱ्याला, आणि तोच जास्त आढळला, कॅल्शियम आणि प्रथिन हवं होतं; नुसत्या बायोटिनने भागलं नाही. कोंडा द्यायचाच तर ओंजळभर, आणि सोबत घास किंवा चुनखडीची पूड. चुनखडीची पूड म्हणजे पानाचा चुना नव्हे. तो तोंड भाजतो.

एवढं झालं की डबा उघडायला माझी हरकत नाही. बायोटिनचा पुरावा खराच आहे. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलच्या ४२ लिपिझानर घोड्यांवर झालेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज २० मिलिग्रॅम बायोटिन दिलेल्यांच्या खुरांत फरक पडला, पण तो दिसायला नऊ महिने लागले. दुसऱ्या एका अभ्यासात ते बंद केल्यावर किंवा कमी केल्यावर अनेक घोड्यांचे खूर पुन्हा बिघडू लागले. तीनशे किलोच्या घोडीला १२ मिलिग्रॅम धरा. डब्याच्या मागे आकडा बघताना मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत गफलत करू नका. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम. मुलाच्या डब्यावर मापाच्या चमच्यात ५०० मायक्रोग्रॅम लिहिलं होतं. म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. रोज चोवीस चमचे घातले असते तर हिशेब जुळला असता आणि डबा आठवड्यात संपला असता.

जस्त आणि तांबं यांचा विचार जोडीने करायचा, कारण एक जास्त झालं की दुसरं शोषलं जात नाही. तीन किंवा चार भाग जस्ताला एक भाग तांबं, असं प्रमाण धरतात. आमच्या घोडीची रोजची किमान गरज साधारण २४० मिलिग्रॅम जस्त, ६० मिलिग्रॅम तांबं. तालुक्याच्या दुकानात गाईचं खनिज मिश्रण मिळतं. त्यावर जस्त ०.८ टक्के आणि तांबं ०.१ टक्के लिहिलेलं असेल तर ३० ग्रॅममधून २४० मिलिग्रॅम जस्त मिळतं, पण तांबं फक्त ३०. जस्त पुरलं, तांबं निम्मं. अशा वेळी घोड्यांसाठीचं मिश्रण शोधावं किंवा पशुवैद्याकडून तांब्याची भर मोजून घ्यावी. मेथिओनिन रोज तीन-चार ग्रॅम पुरे.

गाईचं मिश्रण एकवेळ चालेल, गाईचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य कधीही नको. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाई-कोंबड्यांना ते मानवतं, घोड्याच्या हृदयावर घाला घालतं. एका गोणीने घोडा मेल्याची उदाहरणं जगभर आहेत.

लोहाचं टॉनिक नको. जांभा लाल आहे तो लोहामुळेच, याच जिल्ह्यात रेडीला लोहखनिजाच्या खाणी आहेत. वैरणीतून घोड्याला हवं तेवढं लोह मिळतंच. सेलेनियम मात्र धाकाने हाताळायचं. तीनशे किलोच्या घोडीला अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा थोडंसं अधिक पुरतं, आणि दोन-तीन वेगवेगळ्या पुड्या एकदम चालू केल्या की ते नकळत साठत जातं. सेलेनियम फार झालं तर आयाळ-शेपटीचे केस गळतात आणि खुराला आडव्या चिरा पडतात, कधी खूरच सुटतो. पंजाबात होशियारपूर-नवांशहर भागात जमिनीतच सेलेनियम जास्त, तिथल्या जनावरांत हे दिसतं. खूर सुधारण्यासाठी घातलेलं औषधच खूर काढून टाकतं, असा हा प्रकार. किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ फुकटचं पोषण म्हणून चारू नये, त्यात आयोडीन बेसुमार असू शकतं.

आणि पर्यटक. "भाऊ, हिला बिस्कीट देऊ?" असं विचारत पाव, बिस्किटं, गुळाचे खडे हातावर येतात. मुलाला नाही म्हणवत नाही, गिऱ्हाईक दुखावतं. साखर आणि पिष्ट एकदम जास्त पोटात गेलं की मागच्या आतड्यातले जंतू बिघडतात, रक्तातलं इन्सुलिन चढतं, आणि खुराच्या आत ज्या पदराने हाड खुराच्या भिंतीला टांगलेलं असतं तो पदर सुजतो. टाप गरम लागते, घोडा पुढचे पाय लांब टाकून टाचांवर भार देऊन उभा राहतो. असं दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्य. किनाऱ्यावर बिस्किटांऐवजी घासाच्या चिमटीभर पेंढ्या बांधून विकाव्यात, अशी सूचना मी केली. मुलाने ती लगेच उचलली. दहा रुपयांना एक. धंद्याची अक्कल त्याला माझ्यापेक्षा जास्त आहे.

एक गोष्ट मात्र तोबऱ्यातून सुटत नाही. ओला गोठा. पावसाळ्यात मूत-चिखलात उभं राहून तळव्यातल्या त्रिकोणी मऊ भागाला काळं पाणी आणि घाण वास सुटतो, तो जंतूंचा, कमतरतेचा नव्हे. त्याला कोरडी, उंच जागा आणि रोज खूर उकरून साफ करणं हाच इलाज. नालबंदही सहा-आठ आठवड्यांनी यायला हवा. आमच्याकडे तो घाटावरून येतो आणि चार गिऱ्हाइकं जमल्याशिवाय येत नाही. तोवर वाळूत चालणाऱ्या घोडीला नाल हवीच का, हा प्रश्न मी त्यालाच विचारायला सांगितला. त्याने खूर पाहिला, तुटकी कड कानशीने गोल केली आणि म्हणाला, "सहा महिने बिननालीची ठेवा. नुसती वाळूवर चालवा, डांबरावर नको." चंदी जमिनीवर न टाकता टोपलीत ठेवायची, नाहीतर दाण्याबरोबर वाळू पोटात जाते, हेही त्यानेच बजावलं.

जाता जाता त्याने कानशीच्या कोपऱ्याने केसांच्या रेषेलगत खुरावर एक बारीक आडवी रेघ ओढली. मुलाने भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेभोवती गोल केला.

आंगणेवाडीच्या जत्रेला रेघ नखाएवढी खाली आली होती. मेअखेर, घासाचा टेम्पो दारात उभा असताना, मी पट्टी लावून पाहिलं. चार सेंटिमीटरला थोडी कमी. रेघेच्या वरचा खूर गुळगुळीत, बोट फिरवलं तर कुठे अडत नव्हतं. खालचा अजून तसाच, चिरा पडलेला. गणपतीतली खाच आता जमिनीपासून बोटभर वर होती. "ही कधी जाताली?" मुलाने विचारलं. दिवाळीच्या आत, मी म्हटलं. तो माळ्यावर चढला आणि घासाचे भारे वर ओढू लागला. डबा कोपऱ्यात होता. त्यात आता तो घोडीचे आखूड खिळे ठेवतो.